हजेरीच्या वहीपासून सुरुवात: फ्लूच्या साथीआधी पोलीस ठाण्याची तयारी

साथीच्या तयारीची यादी करा म्हटलं की ठाण्यात पहिली ओळ ठरलेली असते: मास्क इतके, सॅनिटायझर इतकं, हातमोजे इतके. मागणीपत्र टाईप होतं, बारनिशीत जावक क्रमांक पडतो आणि तयारी झाली असं सगळे समजतात. माझी बरीच नोकरी हजेरी मास्तर म्हणून, म्हणजे रोज कोणाला कुठे ड्युटी ते लावण्यात गेली, म्हणून असेल, पण मला ही सुरुवातच उलटी वाटते. साथीत मास्क कमी पडायच्या आधी माणूस कमी पडतो.

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या (फ्लूच्या) महासाथीचे आपल्या देशात नोंदले गेलेले पहिले रुग्ण हेच. आश्चर्य वाटायचं कारण नाही. गोदी असो, रेल्वे स्टेशन असो की एसटी स्टँड, बाहेरचा माणूस उतरतो तिथे आपला माणूस उभा असतो.

तेव्हा नव्या प्रभारी अधिकाऱ्यांनी आधी हजेरीची वही घ्यावी आणि तीन आकडे काढावेत. समजा, ठाण्याचं मंजूर बळ ११० आहे. प्रत्यक्ष नेमणुकीला ९२. त्यातून कोर्टाचं काम, प्रशिक्षण, रजा, साप्ताहिक सुट्टी आणि वरच्या कार्यालयांत ‘अटॅच’ असलेली मंडळी वजा केली की सकाळच्या हजेरीला खरे उभे राहतात ५५. अमेरिकेने २००६ साली फ्लूच्या महासाथीसाठी राष्ट्रीय आराखडा केला, त्यात साथीच्या ऐन भरात ४० टक्क्यांपर्यंत गैरहजेरी धरली होती. आजारी माणसं त्यात होतीच, शिवाय घरातलं आजारपण काढणारे आणि भीतीने न येणारेही होते. हाच हिशोब आपल्याला लावला तर ५५ मधून २२ गेले, उरले ३३. दोन पाळ्या केल्या तर एका पाळीला सोळा-सतरा. या सोळा जणांत ठाणे अंमलदार, वायरलेस, लॉकअप गार्ड, चालक आणि गस्तीच्या गाड्या बसवून दाखवा. हा कागद शांततेच्या काळात तयार झाला नाही, तर साथीत तो पहाटे साडेपाचला फोनाफोनी करून तयार करावा लागतो. मी केलेला आहे, मला विचारा.

सोळा माणसांत काय बसत नाही, हे कळलं की काय सोडायचं ते ठरतं. ११२ चे कॉल, शरीराविरुद्धचे गुन्हे, बायका-मुलांच्या तक्रारी, कोठडी आणि शस्त्रागार यांना हात लावायचा नाही. पासपोर्टची पडताळणी, चारित्र्य दाखले, मोबाईल हरवल्याचे दाखले, परेड, आढावा बैठका हे सगळं थांबू शकतं. समन्स बजावणीचं काय करायचं ते कोर्टाशी आधी बोलून ठेवावं. पण ‘हे काम सोडा’ असा लेखी आदेश आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयातून आधीच हातात हवा. तो नसेल तर कोणताही निरीक्षक स्वतःच्या जबाबदारीवर काही सोडत नाही, आणि मग सोळा माणसं पंचावन्नांचं काम अर्धवट करत राहतात.

इथे कोविडच्या अनुभवाबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण प्रत्येक जण तोच आराखडा पुन्हा काढायला बघतो. फ्लूची चाल वेगळी आहे. लागण झाल्यापासून साधारण दोन दिवसांत ताप चढतो, म्हणजे एका बराकीतली माणसं जवळजवळ एकदमच झोपतात. पण बहुतेक जण आठवड्याभरात उठतातही. चौदा दिवसांचं विलगीकरण डोळे झाकून लावलंत तर आजाराने गेली नसतील एवढी माणसं तुम्हीच घरी बसवाल. किती दिवस घरी ठेवायचं हे त्या वेळी आरोग्य विभाग सांगेल, तोच आकडा धरायचा.

वयाचंही तसंच. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत काही पोलीस दगावल्यावर पंचावन्नच्या वरच्या कर्मचाऱ्यांना घरी थांबायला सांगितलं गेलं. कोविडसाठी ते बरोबरच होतं. पण १९१८ च्या फ्लूने वीस ते चाळीसच्या धडधाकट माणसांना जास्त मारलं, आणि २००९ च्या स्वाइन फ्लूत म्हाताऱ्यांपेक्षा तरुण, आणि विशेषतः गरोदर बायका, गंभीर झाल्या. पुढच्या साथीत कदाचित आमच्यासारखे जुने सहायक फौजदार नाक्यावर बरे आणि नवी भरती आत बरी, असंही होईल. म्हणून ‘धोक्यातले कर्मचारी’ ही यादी एका वयावर बेतू नये. दमा, मधुमेह, हृदयविकार, किडनीचा त्रास यांची नोंद पोलीस रुग्णालयाच्या डॉक्टरांकडे गोपनीय असावी आणि वयाची रेघ विषाणूचं वागणं कळल्यावर ओढावी. गरोदर महिला अंमलदारांना मात्र पहिल्या दिवसापासून गर्दीबाहेरचं काम द्यावं. अडचण अशी की अनेक जणी सुरुवातीचे महिने सांगतच नाहीत. चांगली नेमणूक जाईल, ही भीती असते. सांगितल्याने नेमणूक जाणार नाही, हे एखाद्या महिला अधिकाऱ्याने हजेरीत सगळ्यांसमोर बोलावं. परिपत्रकाने हे काम होत नाही.

आता घर. साथीत शाळा बंद होतात, २००९ मध्ये पुण्यात झाल्याच होत्या. शाळा बंद झाली की लहान मूल असलेला शिपाई निरोगी असूनही अर्धा गैरहजर असतो. ज्यांच्या घरी नवरा-बायको दोघंही पोलिसात आहेत त्यांची वेगळी यादी करावी. या जोडप्यांवरून आमच्यात नेहमी वाद व्हायचा. लागणीचा विचार केला तर दोघांना एकाच गटात टाकणं शहाणपणाचं, कारण एकाला झालं तर दुसऱ्याला होणारच, मग दोन गट कशाला बुडवायचे? पण एकाच वेळी दोघं ड्युटीवर गेली तर मूल कोणाकडे? मी तरी उलट्या पाळ्या द्यायचो. मुलाची सोय नसलेला माणूस नाक्यावर असून नसल्यासारखा असतो.

आणि पोलीस लाईन. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांचे संसार झाले. तिथे ‘घरीच वेगळ्या खोलीत राहा’ हे कोणाला सांगणार? म्हणून ठाण्याच्या हद्दीतलं एक मंगल कार्यालय किंवा वसतिगृह आधीच बोलून ठेवावं: खाटा, संडास, जेवण कोण देणार, बिल खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली. बाहेरून येणाऱ्या कुमकेसाठीही हाच विचार. २०२० मध्ये मालेगावच्या बंदोबस्ताला गेलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांना मोठ्या संख्येने लागण झाली होती. तुकडी मागवताना ती झोपणार कुठे, हे मागणीपत्रातच लिहावं, आणि दोन गाद्यांमध्ये अंतर राहील एवढा हॉल असेल तेवढीच तुकडी मागवावी.

मास्कचं आता सांगतो. तीन पदरी रोजच्या कामाला. एन-९५ रुग्णालयाच्या बंदोबस्ताला, आजारी आरोपी नेणाऱ्या पार्टीला आणि मृतदेहाच्या कामाला. एन-९५ दाढीवर नीट बसत नाही, हे आधीच सांगून ठेवावं. पण माझा अनुभव असा की नाक्यावर मास्क लावून उभ्या असलेल्या शिपायाला लागण होते ती डबा खाताना. पाच जण, एक टेबल, एकाच्या भाजीत दुसऱ्याची चपाती. डब्याच्या वेळा वेगळ्या करा, एवढं एक केलं तरी खूप झालं. चेहऱ्याजवळ जाणारे वायरलेस सेट आणि हेल्मेट पाळी बदलताना पुसून द्यावेत, गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात, आणि वाहतूक शाखेने श्वास तपासायचं यंत्र पहिल्याच दिवशी कपाटात टाकावं. तळीरामाची तपासणी रक्तावरून होते.

तापाची गोष्ट अवघड आहे, कारण ती आमच्या सवयीविरुद्ध जाते. अंगात ताप असताना बंदोबस्त केला, म्हणून शाबासकी देणारं हे खातं. २००९ च्या पावसाळ्यात एका शिपायाने अंग दुखतंय म्हणून ‘सिक’, म्हणजे आजारपणाची रजा मागितली. गोकुळाष्टमी तोंडावर होती, मला ते नाटक वाटलं आणि मी त्याला बंदोबस्ताला पाठवलं. चार दिवसांत त्याच्या गटातले सहा जण आडवे. तो बरा झाला, सगळेच झाले, पण तेव्हापासून मी ताप म्हणणाऱ्याला उलटतपासणी न करता घरी पाठवत आलो. ऑसेल्टामिविरसारखं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. म्हणून कोणाला, कधी द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, पण ताप आल्याची तारीख हजेरीच्या वहीत त्याच दिवशी पडली पाहिजे. लसीचं असं की नव्या विषाणूची लस यायला काही महिने जातात. नेहमीची वार्षिक लस नव्या विषाणूला थांबवेलच असं नाही, पण साधा फ्लू आपल्याकडे पावसाळ्यात उचल खातो, त्यामुळे ती पावसाळ्याआधी दिली तर निदान त्या तापांची भर कमी.

कोठडी भरू नये. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन भागतं, तिथे भागवावं. रिमांड व्हिडिओवर घेण्याबद्दल कोर्टाशी ठरवून घ्यावं. तक्रारही इलेक्ट्रॉनिक मार्गाने घेता येते, कलम १७३ प्रमाणे तीन दिवसांत फिर्यादीची सही झाली की पुरे. ठाण्याच्या दारातली निम्मी गर्दी तिथेच कमी होते.

आदेशभंगाचे गुन्हे मोजून दाखल करावेत. कोविडात जुन्या दंड संहितेच्या कलम १८८ खाली राज्यात लाखांवर गुन्हे लिहिले गेले आणि पुढे ते मागे घ्यायचा निर्णय झाला. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आहे, पण काम तेवढंच: प्रत्येक गुन्ह्यामागे एक अंमलदार कागदात अडकतो. सोळातला एक. समज देऊन घरी पाठवलेला माणूस स्वस्त पडतो. आणि तपासणीसाठी कोणाच्या घरात शिरायची वेळ आलीच तर पुढे आरोग्यसेविका, मागे पोलीस. पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या सोजिरांनी घरं तपासली, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. साथरोग कायदाही त्याच वर्षीचा. कायद्याने अधिकार मिळतो, उंबरठ्याच्या आत कसं वागायचं हे त्यात लिहिलेलं नसतं.

रुग्णालयाचा बंदोबस्त पहिल्या मृत्यूआधी लागला पाहिजे. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. रांगेची दोरी, सावली, पाणी, लाऊडस्पीकर, तापवाल्यांना वेगळं दार, हे रुग्णालयाशी आधी फिरून ठरवावं. डॉक्टर-नर्सवर हात टाकला तर साथरोग कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, तपास निरीक्षकाने करायचा आणि तीस दिवसांत. तेव्हा निरीक्षकच आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा निरीक्षक कोण, हे ठरलेलं हवं.

अफवांसाठी गोपनीय शाखेने आताच गावोगावच्या पोलीस पाटलांचे आणि व्हॉट्सअॅप ग्रुप चालवणाऱ्यांचे नंबर ताजे करावेत. पालघरमधलं गडचिंचले विसरू नये. एप्रिल २०२०, टाळेबंदी, चोर आणि मुलं पळवणारे आल्याची आवई, आणि जमावाने तिघांना ठार मारलं, पोलीस हजर असताना. तिथे पोलिसांची माणसंच कमी होती. रात्रीच्या गस्तीत कपात करताना हे डोळ्यांपुढे असावं.

घरी झालेल्या प्रत्येक तापाच्या मृत्यूला अकस्मात मृत्यूची नोंद घ्यायची ठरवली तर पंचनाम्यातच ठाणं बुडेल. दाखला कोणता डॉक्टर देणार आणि पंचनामा कोणत्या मृत्यूंना लागेल, हे महापालिका किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी लेखी ठरवावं. बेवारस मृतदेहांसाठी शववाहिनी आणि स्मशानातली पाळी तेवढी लक्षात असू द्या.

शेवटी चाव्या. मुद्देमालाची चावी, शस्त्रागाराची चावी, सीसीटीएनएसचे (गुन्हे नोंदवायच्या संगणक प्रणालीचे) पासवर्ड, हे एकेकाच माणसाजवळ असतात आणि नेमका तोच आजारी पडतो. प्रत्येक कामाला पहिला, दुसरा, तिसरा माणूस नावानिशी लिहा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याकडून ते काम महिन्यातून एकदा करून घ्या. प्रभारी अधिकाऱ्याच्या नावापुढेही दोन नावं हवीत. आजारातून उठलेल्यांची वेगळी यादी ठेवा. त्यांना त्याच विषाणूचं भय कमी, रुग्णालयाच्या दाराशी आधी ते. आणि ताप ओसरला म्हणून मंगल कार्यालय लगेच सोडू नका. १९१८ मध्ये जूनमधली साथ हलकी होती, मुंबई ओस पडली ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडे तेव्हा गणपती आणि नवरात्र असतं, आणि सगळ्यांच्या रजा आधीच बंद असतात.