जुनं लुगर पिस्तूल कसं ओळखावं आणि त्याचं मोल कसं ठरवावं

लुगर हे जुनं जर्मन पिस्तूल हाती आलेला माणूस आधी अनुक्रमांक सांगतो आणि त्यावरून साल नि किंमत विचारतो. लुगरच्या बाबतीत एवढ्यावर काहीच ठरत नाही. जर्मन सैन्यासाठी ही पिस्तुलं बनत तेव्हा दरवर्षी क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होत आणि दहा हजार झाले की पुढे ए, मग बी, सी अशी अक्षरं लागत. त्यामुळे ४५६७ बी हा क्रमांक १९१६ च्या पिस्तुलावर असेल, १९१७ च्याही असेल, आणि तोही दोन वेगवेगळ्या कारखान्यांतल्या. क्रमांकाला अर्थ येतो तो कारखाना, साल आणि ठसे यांच्या जोडीनं.

ह्यूगो बोर्खार्टच्या १८९३ च्या अवजड पिस्तुलावरून गेओर्ग लुगरनं हे सुटसुटीत पिस्तूल घडवलं. १९०० साली स्विस सैन्यानं ते स्वीकारलं, १९०४ मध्ये जर्मन नौदलानं आणि १९०८ मध्ये जर्मन भूदलानं. पी-०८ या त्याच्या लष्करी नावातला आठ तो हाच.

हात लावण्याआधी

भारतात असं पिस्तूल जुन्या पेटीत सापडलं, तर परवान्याचा प्रश्न सर्वांत पहिला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे. पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही, अशीच त्याची अवस्था असावी लागते. शंभर वर्षांचं लुगर बहुधा आजही चालतं. शिवाय पी-०८ चा ९ मिमी हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचा व्यास, आहे. आजोबांची आठवण म्हणून ते गुपचूप कपाटात ठेवू नका. वकिलाचा सल्ला घ्या आणि पोलीस ठाण्याला कळवून ते रीतसर जमा करण्याची वाट धरा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी तिथला कायदा पाहावा. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्रच ‘अँटिक’ धरतात, म्हणजे पी-०८ त्यात बसत नाही.

आता ते रिकामं आहे ना, हे बघा. हे काम शस्त्रांची सवय असलेल्या माणसानंच करावं. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी, काढायचं, मग वरचं गुडघ्यासारखं दुमडणारं टॉगल मागे-वर ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी पाहायचं. मॅगझिन काढल्यावरही चेंबरमध्ये गोळी राहू शकते. चेंबर भरलेलं असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस बाहेर ओढणारा आकडा, किंचित वर उठतो आणि त्याच्या डाव्या अंगाला ‘गेलाडेन’, म्हणजे भरलेलं, हा शब्द दिसतो. पण त्या खुणेवर विसंबू नका. लुगरचा एक दोष फार जणांना ठाऊक नसतो. चेंबर भरलेलं असताना नळीसकट वरचा भाग सांगाड्यापासून वेगळा केला, तरी बाजूची सिअरची (चाप दाबेपर्यंत गोळीवरचा आघात अडवून धरणारी) पट्टी दाबली गेल्यास गोळी सुटू शकते. म्हणून चेंबर पाहिल्याशिवाय काहीही खोलायचं नाही.

आणि कृपा करून घासूपुसू नका. पॉलिश, सँडपेपर, गंज काढायचं रसायन, काही नको. हलक्या हातानं तेलाचं बोट फिरवलेलं मऊ फडकं पुरे. मूळ ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, गेलं की ते पुन्हा आणता येत नाही, आणि किमतीचा मोठा हिस्सा त्या पातळ थरातच असतो.

पिस्तूल वाचणं

टॉगलच्या पुढच्या भागावर पाहा. एकमेकांत गुंफलेली वळणदार डीडब्ल्यूएम अक्षरं म्हणजे त्या नावाच्या कंपनीचा बर्लिनचा कारखाना. मुकुट आणि खाली एर्फुर्ट म्हणजे त्या शहरातलं सरकारी शस्त्रागार. तिथले निरीक्षक बारीकसारीक भागांवरही मुकुटाचे ठसे मारत, त्यामुळे एर्फुर्टचं पिस्तूल ठशांनी भरलेलं असतं. १९३० मध्ये लुगरची यंत्रसामग्री ओबर्नडॉर्फला माउझर कंपनीकडे गेली. नाझी काळात कारखान्याचं नाव लपवण्यासाठी संकेत आले: आधी एस/४२, मग नुसतं ४२ आणि शेवटी बीवायएफ. झुल गावच्या सिमसन आणि क्रीगहॉफ यांची पिस्तुलं थोडी, म्हणून महाग, आणि म्हणूनच नकली ठशांना तिथं ऊत आलेला.

साल चेंबरच्या वर असतं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे ते पूर्ण चार आकडी, १९१० ते १९१८. माउझरनं १९३४ साठी के आणि १९३५ साठी जी हे अक्षर वापरलं, पुढे पूर्ण साल, आणि बीवायएफच्या काळात नुसतं ४१ किंवा ४२. चेंबरवर १९१७ आणि १९२० अशी दोन सालं दिसली तर गोंधळू नका. व्हर्सायच्या तहानंतर उरलेल्या सैन्यानं सरकारी मालकीची खूण म्हणून १९२० हा ठसा मारला. पिस्तूल १९१७ चंच.

नळी मोजा. साधारण १०० मिमी असेल तर नेहमीचं भूदलाचं. १५० मिमी आणि मागे शंभर-दोनशे मीटरची दोन टप्प्यांची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, असेल तर नौदलाचं. २०० मिमी नळी आणि तिच्यावरच ८०० मीटरपर्यंतच्या खुणांची माशी, हे तोफखान्याचं. साध्या पिस्तुलाला लांब नळी बसवून तोफखान्याचं म्हणून विकणारे खूप आहेत. नळीच्या खालच्या बाजूला नळी आणि रिसीव्हर (नळी ज्यात बसते तो भाग) यांवर एकाच फटक्यात मारलेली बारीक रेघ असते. ती जुळते का, आणि नळीवरचा क्रमांक सांगाड्याशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरी मेहनत क्रमांक जुळवण्यात आहे. पूर्ण क्रमांक सांगाड्याच्या पुढच्या अंगाला, रिसीव्हरच्या डाव्या बाजूला आणि नळीखाली असतो. टॉगल, सेफ्टी, चाप, बाजूची झाकणपट्टी अशा लहान भागांवर शेवटचे दोन आकडे. लष्करी पिस्तुलात ते उघड्यावर दिसतात, नागरी विक्रीच्या पिस्तुलात बहुधा आडोशाला. १९२० च्या दशकातली ७.६५ मिमीची नागरी पिस्तुलं ‘युद्धातलं’ म्हणून गळ्यात मारली जातात, तेव्हा हा फरक कामी येतो. मॅगझिनच्या तळाचा क्रमांकही जुळला तर फारच छान. क्रमांकापुढे अधिकचं चिन्ह असेल तर ते त्याच पिस्तुलाचं दुसरं मॅगझिन.

मुठीच्या पुढच्या पट्टीवर आकडे-अक्षरं दिसली तर ती पलटणीची नोंद असू शकते: रेजिमेंट, कंपनी, शस्त्राचा क्रमांक. मला लुगरमधला हा भाग सर्वांत प्रिय आहे, कारण इथं कारखान्याचा माल एका विशिष्ट तुकडीचा होतो.

मोल

आता किंमत. सगळे क्रमांक जुळतात आणि ब्लूइंग मूळ आहे, असं साधं डीडब्ल्यूएम पिस्तूल हे चमकवलेल्या दुर्मीळ पिस्तुलापेक्षा मी केव्हाही वरचं धरेन. पुन्हा ब्लूइंग केलेलं ओळखायला ठशांच्या कडा भिंगाखाली बघा: घासल्यामुळे त्या बुजलेल्या दिसतात. गंजाचे खड्डे निळ्या थराच्या खाली असतील तर थर नंतरचा. १९३७ च्या आसपासपर्यंत चाप, सेफ्टी यांसारखे छोटे भाग गवती पिवळे असत. १९१६ च्या पिस्तुलावर ते काळे-निळे असले तर कुणीतरी हात फिरवलाय. अशा पिस्तुलाची किंमत मी निम्मी धरतो, भाग बदललेले असतील तर आणखी खाली.

कहाणीला पैसे देऊ नका, कागदाला द्या. अमेरिकन सैनिकांना युद्धातून शस्त्र घरी नेताना मिळालेला लष्करी दाखला सोबत असेल तर मोल वाढतं. आपल्याकडची मोठी कहाणी लुगरची नव्हे, माउझर सी-९६ या दुसऱ्या जर्मन पिस्तुलाची. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली. कंपनीकडे पिस्तुलांच्या क्रमांकांची नोंद होती. म्हणून ‘हे त्यातलंच’ असं कुणी म्हणालं, तर क्रमांकाचा पुरावा मागायचा.

भाव काढताना विक्रेत्यानं मागितलेली रक्कम सोडून द्या. लिलावात प्रत्यक्ष विक्री झालेल्या, त्याच कारखान्याच्या, त्याच सालाच्या आणि तशाच अवस्थेतल्या पिस्तुलांचे आकडे पाहा. जाणकाराला दाखवायचं तर दिवसाच्या उजेडात फोटो काढा: दोन्ही बाजू, टॉगल, चेंबर, रिसीव्हरचे उजवीकडचे ठसे, नळीखालचा क्रमांक, मुठीची पुढची पट्टी, मॅगझिनचा तळ. फ्लॅश बंद ठेवा, त्यानं ठशांच्या कडा पुसट येतात.