‘मल्टिपल डेफिनिशन’ एरर मुळापासून कसा काढावा

हिंजवडीत काम करताना सी भाषेतली एक जुनी सिस्टिम लायब्ररी आम्ही नव्या मशीनवर बिल्ड करायला घेतली, तेव्हा सगळ्या फायली विनातक्रार कंपाइल झाल्या आणि लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करताना, मात्र ‘मल्टिपल डेफिनिशन’च्या (एकाच नावाच्या अनेक व्याख्या सापडल्याच्या) ओळींनी स्क्रीन भरून गेली. कोड तोच होता. बदलला होता फक्त कंपायलर.

हेडरमध्ये, म्हणजे अनेक सी फायलींत समाविष्ट होणाऱ्या सामाईक फायलीत, ‘इंट लॉग_लेव्हल;’ असे नुसते लिहिले, तर ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फायलीत त्या व्हेरिएबलची व्याख्या तयार होते. पूर्वी जीसीसी हा कंपायलर अशा व्याख्या ‘कॉमन’ म्हणून नोंदवत असे आणि लिंकर त्या गुपचूप एकत्र करत असे. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ‘नो-कॉमन’ हा त्या तशा न नोंदवण्याचा पर्याय मुळातच लागू असल्यामुळे तीच चूक उघडी पडते.

सगळे एरर वाचत बसू नये. पहिलेच नाव घ्यावे आणि सर्व ऑब्जेक्ट फायलींवर (कंपाइल होऊन तयार झालेल्या फायलींवर) त्यांतली नावे दाखवणारी ‘एनएम’ ही कमांड चालवून त्या नावाआधीचे अक्षर पाहावे. ‘यू’ म्हणजे नाव फक्त वापरले आहे, ते कितीही फायलींत चालते. कॅपिटल ‘टी’, ‘डी’ किंवा ‘बी’ म्हणजे तिथे व्याख्या आहे; ते एकाहून अधिक फायलींत दिसले, की दुखणे सापडले. आमच्याकडे एकाच नावाआधी अकरा फायलींत ‘बी’ होता आणि त्या अकराही फायलींत एकच हेडर होते.

हेडरमधल्या ओळीआधी ‘एक्स्टर्न’ (व्याख्या दुसरीकडे आहे असे सांगणारा शब्द) लावावे आणि खरी व्याख्या एकाच सी फायलीत ठेवावी. हेडरमधले छोटे फंक्शन ‘स्टॅटिक इनलाइन’ करावे, म्हणजे त्याचे नाव त्या त्या फायलीपुरतेच राहते. ऑब्जेक्ट फाइल मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फायलीत) दोनदा आली असेल, तर एक नोंद काढावी.

दोन फायलींनी वेगवेगळ्या कामांसाठी योगायोगाने एकच नाव वापरले असेल, तर तिथे विशेष जपावे, कारण जुनी ‘कॉमन’ पद्धत परत आणणारा ‘एफ-कॉमन’ हा पर्याय देऊन एरर दडपला की दोन्ही व्हेरिएबल एकाच जागेत लिहू लागतात आणि बिघाड भलतीकडेच दिसतो. दोन्ही ‘स्टॅटिक’ करावीत. एकाहून अधिक व्याख्या चालवून घेणारा लिंकरचा पर्यायही मी टाळतो. त्यात पहिली सापडलेली व्याख्या उचलली जाते, म्हणजे प्रोग्रॅमचे वागणे फायलींच्या क्रमावर सोडले जाते.

शेवटी जुन्या ऑब्जेक्ट फायली पुसून पुन्हा बिल्ड करावे आणि ‘एनएम’मध्ये त्या नावाची व्याख्या एकदाच आल्याची खात्री करावी.