भिगवणला सहकुटुंब पक्षी पाहायला निघालात? या चुका टाळा

रविवारी आठला पुणं सोडायचं, चौफुल्याला मिसळ खायची, अकराला भिगवण गाठायचं आणि होडीत बसल्याबसल्या विचारायचं, "दादा, फ्लेमिंगो कुठायत?" बहुतेकांची सहल इथेच फसते. दोष ना जागेचा, ना नावाड्याचा. आपण जेवणाच्या वेळेभोवती सहल आखतो आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्यावर, घड्याळ चालतं ते पक्ष्यांचं.

उशिरा पोहोचणं

पुण्याहून अंतर शंभरेक किलोमीटर, तेही सोलापूर महामार्गाने. त्यामुळे "दोन तासांत पोहोचू की" असा हिशेब होतो. पण हिवाळ्यात उजाडताना वारा पडलेला असतो, पाणी निवांत असतं आणि पक्षी काठालगत चरत असतात. दहानंतर पाण्यावर उन्हाची चमक येते, वारा सुटतो, थवे लांब सरकतात. फोटोत मग गुलाबी ठिपके तेवढे येतात. म्हणून साडेचारला निघा. मुलं गाडीत झोपतील, तक्रार फक्त आजोबांच्या चहाची राहील.

पहाटे निघताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. फ्लेमिंगोंचा हंगाम तोच साखर कारखान्यांच्या गाळपाचा. यवत, पाटसच्या पुढे अंधारात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या चालत असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांत झाकलेला. समोर नुसता काळा ढीग दिसतो, तोही अगदी जवळ आल्यावर. वेग बेताचा ठेवा. धुकं दाट असेल तर पेट्रोल पंपावर थांबा. तिथेच सगळ्यांनी शौचालयही उरकून घ्यावं, काठावर सोय मिळेलच असं नाही.

महिना चुकणं

"दिवाळीच्या सुट्टीत जाऊ" हा ठरलेला बेत. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित किंवा अग्निपंख. हा उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून चिखलातलं खाणं गाळून घेणारा पक्षी. पावसाळ्यानंतर धरण काठोकाठ भरलेलं असतं, त्याला उभं राहायला जागाच नसते. कालव्यांना पाणी सुटत जातं, पातळी उतरते, चिखलाची बेटं उघडी पडतात, तेव्हा थवे उतरतात. साधारण जानेवारी ते मार्च ही खात्रीची वेळ.

तारखेपेक्षा उजनीची टक्केवारी पाहा, सोलापूरकडच्या वर्तमानपत्रांत ती येत असते. या धरणाचा एक चमत्कारिक हिशेब आहे. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची, म्हणून उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये" अशी बातमी येते आणि तरीही समोर अथांग पाणी दिसतं. डिसेंबरात टक्केवारी शंभराच्या आसपास असेल तर घाई नको.

होडीतला हट्ट

भाडं होडीचं की माणशी, किती वेळ आणि कुठपर्यंत, हे काठावरच बोलून घ्या. कुंभारगाव, डिकसळचे नावाडी बहुतेक मच्छीमार, पाणी त्यांच्या पायाखालचं. थवा दिसला की चांगला नावाडी मोटर बंद करतो आणि बांबू टेकवत होडी हळूहळू पुढे सरकवतो. इथे मागून आवाज येतो, "जरा जवळ घ्या ना, उडतानाचा व्हिडिओ पाहिजे." हा हट्ट करूच नका. रोहिताला उडण्याआधी पाण्यावर बरंच धावावं लागतं आणि दिवसभर प्रत्येक होडीने त्याला असं उठवलं तर त्याचं चरणंच होत नाही. माना एकदम ताठ झाल्या, थवा एका दिशेने चालू लागला, की आपण फार जवळ आलो असं समजावं. त्यांनी पंख पसरण्याची वाट पाहा. खालचा गुलाबी-काळा रंग तेव्हा दिसतो.

लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवू नका, "पाणी उथळच आहे" असं कुणी कितीही म्हणालं तरी. लहान मुलांच्या मापाचं जॅकेट मिळेलच असं नाही, शक्य असेल तर घरून न्या. सगळे एकाच बाजूला उभे राहून फोटो काढू नका आणि वारा वाढला तर पैसे गेले तरी चालतील, माघारी फिरा. 21 मे 2024 च्या संध्याकाळी याच उजनीत कुगाव आणि कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला.

दुर्बीण 8 पटीची पुरे. 10 पटीची हलत्या होडीत डोकं दुखवते.

कुरवांना शेव-फरसाण

पुडी फोडली की कुरव (सीगल) पक्षी होडीभोवती घिरट्या घालतात, मुलं खूश होतात, रील छान होते. पण तेलकट, खारट फरसाण हे त्यांचं अन्न नव्हे. मासे टिपण्याऐवजी ते होड्यांमागे फिरायला लागतात आणि रिकाम्या पुड्या पाण्यात जातात. पुडी गाडीतच ठेवा.

काठावर पोहणं

भेगाळलेला चिखल वरून वाळलेला दिसतो, खाली पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पाण्याचं म्हणाल तर पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. मुलांना डुंबू देऊ नका, जेवणाआधी हात घरून आणलेल्या पाण्याने धुवा.

जेवणाची ऑर्डर होडीत बसण्याआधी द्या. चिलापी किंवा मरळीचं कालवण आणि भाकरी घरगुती चुलीवर होते, परत आल्यावर सांगितलं तर भुकेली मुलं अंगणात तासभर भांडत बसतात. शाकाहारी कोण, तेही तेव्हाच सांगा.

फ्लेमिंगो दिसलेच नाहीत तर?

थवे एका जागी राहत नाहीत. आदल्या दिवशी नावाड्याला फोन करून सध्या कोणत्या काठाला आहेत ते विचारा. "हे तर पांढरेच आहेत" म्हणून नाराज होणारेही भेटतात. नवी मुंबईच्या खाडीतल्या फोटोंत गर्द गुलाबी दिसतात ते बहुतेक लहान रोहित, भिगवणला येतात ते मोठे रोहित, अंगाने फिकट. पिल्लं तर राखाडीच.

आणि नसलेच त्या दिवशी, तर पट्टकादंब शोधा. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो. चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी, राखी बगळे, मासा पायात धरून नेणारी मोरघार, हेही तिथेच असतात. हाताशी वेळ असेल तर भादलवाडीच्या तलावाकडे वळा. विणीच्या हंगामात तिथल्या झाडांवर चित्रबलाकांची (पेंटेड स्टॉर्कची) घरटी असतात. गाडी लांब लावा, हॉर्न वाजवू नका आणि झाडाखाली न जाता दुर्बिणीतूनच पाहा.