छत उघडणारी जुनी आलिशान गाडी थेट मालकाकडून घेताना

मालकाला फोनवरच सांगा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिनची खरखर गरम झाल्यावर लपते. पोहोचलात की आधी बॉनेटला हात लावून बघा.

माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र छतावर जातो. इंजिन चालू ठेवून छत दोन-तीनदा पूर्ण उघडा, बंद करा. एक बाजू मागे राहिली किंवा हालचाल अडखळली, तर तेलाच्या दाबाने छत हलवणाऱ्या हायड्रॉलिक पंपावर किंवा छताच्या सिलिंडरवर संशय घ्या आणि डिकीतलं अस्तर उचलून तेलाचे डाग शोधा. मग आतलं कार्पेट दाबून पाहा, सीटखालीसुद्धा. छताच्या निचऱ्याच्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं, आणि बऱ्याच गाड्यांत सीट वगैरे चालवणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तिथेच खाली बसवलेले असतात. मी एकदा रंगावर भाळून हे तपासलंच नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर सीट जागची हलेना. आता कुबट वास झाकायला सुगंधी फवारा मारलेला जाणवला तरी मी परत फिरते.

टायरवरचा चार अंकी आकडा वाचा: २३१८ म्हणजे २०१८चा २३वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर न झिजताही जुने होतात.

१७ अक्षरी चेसिस नंबर गाडीवर आणि कागदांवर एकच हवा. कर्ज फिटल्याचं पत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमच्या मेकॅनिकला गाडी दाखवायला मालक तयार नसेल, तर तिथेच थांबा.