ईव्ही आत्ता घ्यायची की पुढच्या व्हेरियंटसाठी थांबायचं, हे असं ठरवा

एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली, ३८ किलोवॅट अवरची (म्हणजे ३८ युनिट वीज मावणारी) बॅटरी, ३३२ किमी क्लेम्ड रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये एवढी जाते असं कंपनी सांगते. लोकांनी धडाधड बुक केली आणि मे २०२५ मध्ये विंडसर प्रो आली, बॅटरी ५२.९, रेंज ४४९, वर एडास (रडार-कॅमेऱ्यांनी गाडी चालवायला मदत करणारी यंत्रणा) आणि गाडीतून बाहेरची उपकरणं चालवायची सोय. जेमतेम आठ महिने. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीचं पण तेच, जानेवारी २०२० मध्ये ३०.२ ची बॅटरी, मे २०२२ मध्ये ४०.५, सप्टेंबर २०२४ मध्ये ४५. म्हणजे तीच गाडी मोठ्या बॅटरीत येणार हे धरूनच चालायचं, प्रश्न एवढाच की आपलं त्यावाचून अडतं का.

त्यासाठी आधी आपलं रनिंग काढा, आणि रोजचं ऑफिसचं नाही हां, ते कुठल्याही ईव्हीत होतं. वर्षातनं चार-सहा वेळा जो लांबचा प्रवास ठरलेला असतो तो धरा. क्लेम्ड रेंजच्या ७० टक्केच खरी माना, हायवे आणि एसी धरून. आता पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किमी. ३३२ चे ७० टक्के म्हणजे २३२, म्हणजे कागदावर पोचते पण खंबाटकी चढताना पूर्ण वेळ डोळे टक्केवारीवर, आणि वाटेत साताऱ्या-कराडला चार्जिंगला थांबावंच लागणार. ४४९ चे ७० टक्के ३१४, कोल्हापूर गाठून वर ऐंशी-एक किमी हातात राहतात. हा हिशोब केल्यावर ज्याला दर महिन्याला आईवडिलांकडे कोल्हापूरला जायचंय त्याने मोठ्या बॅटरीसाठी थांबलेलं बरोबर, आणि ज्याचं वर्षभर पुण्यातच आहे त्याने उगाच वाट बघू नये.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कुठली सुधारणा तुमच्या जुन्या गाडीत नंतर येऊ शकते आणि कुठली कधीच येणार नाही हे वेगळं करा. सॉफ्टवेअरचं येतं. टाटाने २०२२ मध्ये जुन्या नेक्सॉन ईव्हीवाल्यांना सॉफ्टवेअर अपडेटने मल्टी-मोड रीजन (गाडी हळू होताना बॅटरीत वीज परत भरणारी सोय, कमी-जास्त करता येणारी) दिलं, २०२३ च्या सुरुवातीला नेक्सॉन मॅक्सवाल्यांची (४०.५ बॅटरीवाली) रेंज पण अपडेटनेच वाढवली. त्यामुळे रीजन, स्क्रीनवरची फीचर्स, ॲप असल्या गोष्टींसाठी थांबू नका. हार्डवेअरचं मात्र येत नाही. बॅटरी पॅक, एडासचे रडार-कॅमेरे, व्हेंटिलेटेड सीट, आणि ज्याकडे कोणीच बघत नाही तो गाडीतला ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे घरची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग. हा ३.३ किलोवॅटचा असेल तर घरी कितीही मोठा वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) लावा, गाडी ३.३ च्या वर घेणारच नाही. ४५ ची बॅटरी ३.३ वर रिकामी ते फुल चौदा-पंधरा तास, ७.२ वर सहा-सात तास. रात्री अकराला लावून सकाळी आठला निघायचं असेल तर हा फरक सनरूफपेक्षा हजार पटीने कामाचा आहे. ब्रोशरमध्ये एसी चार्जिंगची, म्हणजे घरच्या चार्जिंगची ओळ शोधा, सेल्सवाल्याला बहुतेक वेळा स्टेशनवरच्या डीसी फास्ट चार्जिंगचाच आकडा पाठ असतो.

आता लाँचच्या वेळचा पॅक, म्हणजे व्हेरियंट. कंपन्या आधी महागडं व्हेरियंट विकतात, हे नीट बघा. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाड्या घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकिंग उघडलं तेव्हा ७९ ची बॅटरी पाहिजे तर टॉपचा पॅक थ्रीच घ्यावा लागत होता, बीई ६ साठी एक्स-शोरूम २६.९० लाख. जुलैमध्ये तीच बॅटरी पॅक टू मध्ये आली २३.५० लाखाला. ज्यांना फक्त रेंज पाहिजे होती त्यांचे तीन लाखाच्या वर गेले आणि मला ते मनापासून लागतं, कारण सुरुवातीला विश्वास टाकून गाडी घेणाऱ्यांमुळेच रस्त्यावर चार्जर आलेत. म्हणून सांगतो, लाँचला मोठी बॅटरी फक्त टॉपमध्ये दिसली आणि टॉपची फीचर्स तुम्हाला नको असतील तर सहा महिने थांबा. टॉपच पाहिजे असेल तर बिनधास्त घ्या. आणि चार्जरचे पैसे किमतीत धरलेत का ते विचारा, महिंद्राने ते वेगळे ठेवले होते.

थांबायला पण पैसे पडतात हे विसरू नका. पेट्रोल १०४ च्या आसपास धरा, आत्ताची पेट्रोल गाडी १४ चं ॲव्हरेज देते, म्हणजे किमीला साडेसात रुपये. घरी चार्ज केलेली ईव्ही दीडेक रुपयात जाते. महिन्याला १५०० किमी असेल तर नऊ हजार सुटतात, आठ महिने थांबलात तर सत्तर हजार गेले. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी जाहीर झाली, रोज एक्स्प्रेसवेवर असणाऱ्याने हे पण जोडावं. रनिंग ५०० च्या आत असेल तर मात्र आरामात थांबा, काही बिघडत नाही.

बुकिंग झालंय आणि नव्या व्हेरियंटच्या बातम्या यायला लागल्यात? मग इनव्हॉइस (गाडीचं बिल) बनायच्या आत डीलरकडे जा. चेसिस अलॉट व्हायच्या (तुमच्या नावावर ठरावीक गाडी लागायच्या) आधी व्हेरियंट बदलून मिळायला सोपं जातं, एकदा आरटीओ पासिंग झालं की काहीच हातात राहत नाही. गाडी कुठल्या महिन्यात बनलीय ते लेखी घ्या, कारण नवीन मॉडेल आलं की यार्डातला जुना माल डिस्काउंटवर काढतात, आणि डिस्काउंट चांगला असेल तर तो माल घेणं पण शहाणपणाचं, फक्त माहीत असून घ्या. डिलिव्हरीआधी किंमत कमी झाली तर कुठली लागणार, हे पण ईमेलवर विचारा, तोंडी नको.

आणि ज्यांची गाडी आधीच दारात उभी आहे त्यांनी सर्व्हिसला गेल्यावर दरवेळी विचारायचं, पेंडिंग सॉफ्टवेअर अपडेट आहे का, सगळेच अपडेट आपोआप येत नाहीत. वॉरंटीवर पण लक्ष ठेवा. जुलै २०२५ मध्ये टाटाने कर्व्ह आणि ४५ वाल्या नेक्सॉनला लाइफटाइम बॅटरी वॉरंटी दिली ती आधीच्या मालकांना पण दिली, पण पहिल्या मालकालाच, त्यामुळे विकताना घेणाऱ्याला काय मिळेल ते वाचून ठेवा. बाहेरून मोठी बॅटरी बसवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी बिलकुल लागू नका, वॉरंटी जाते आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला पण हात वर करतो.