रक्तक्षय कोणत्या प्रकारचा, हे ओळखून उपचार कसा करावा

हिमोग्लोबिन पुरुषात १३, स्त्रीत १२ आणि गरोदरपणी ११ ग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. दुसऱ्या तिमाहीत ही मर्यादा थोडी आणखी खाली, १०.५ पर्यंत मानली जाते. पण या आकड्यावर लगेच लोहाची गोळी सुरू करू नका. आधी रक्ताचे नमुने घ्या. लोह किंवा बी-१२ पोटात गेल्यावर त्यांच्या पातळ्या वर सरकतात आणि मूळ चित्र पुसले जाते. रक्त चढवल्यावर तर दात्याच्या पेशीही मोजल्या जातात.

सीबीसीच्या (रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीच्या) अहवालात हिमोग्लोबिननंतर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान, पाहा. ८० ते १०० फेम्टोलिटर हे सामान्य. सोबत रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशींची मोजणी, मागवा. तो वाढलेला असेल तर अस्थिमज्जा काम करते आहे, पेशी मात्र वाहून जात आहेत किंवा फुटत आहेत. तो कमी असेल तर उत्पादनच अडले आहे.

एमसीव्ही ८० च्या खाली असेल तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष), आणि फसगत इथेच सर्वाधिक होते. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने (दशलक्षात) भागा. एमसीव्ही ६४ आणि पेशी ५.८ असतील तर उत्तर ११. १३ च्या आत आले की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्या. ७२ भागिले ३.९ म्हणजे सुमारे १८.५, हे लोहाकडे बोट दाखवते. अर्थात हा फक्त अंदाज आहे. शिक्कामोर्तब फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि हिमोग्लोबिन ए-२ (हिमोग्लोबिनचा एक उपप्रकार) यांवर होते: ए-२ ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमिया मायनर. लोह कमी असताना ए-२ खोटे खाली येऊ शकते, म्हणून सीमेवरचा अहवाल लोह भरून काढल्यावर पुन्हा करावा.

फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता जवळजवळ नक्की. मात्र जंतुसंसर्ग, सांध्यांचा दाह, यकृताचा आजार यांत ते वाढते. अशा रुग्णात ८० आले तरी लोह पुरेसे आहे असे समजू नका. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातील लोहवाहक प्रथिन किती टक्के लोहाने भरले आहे) २० टक्क्यांच्या आत आहे का ते बघा.

उपचार: ६० ते १०० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह (गोळीतले प्रत्यक्ष लोह), दिवसातून एकदा किंवा दिवसाआड. गोळीचे एकूण वजन म्हणजे लोह नव्हे. २०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच असते. दिवसातून तीनदा दिल्याने लाभ फारसा वाढत नाही, कारण एका मात्रेनंतर हेप्सिडिन हे लोहाचे शोषण आवरणारे संप्रेरक वाढून पुढचे शोषण दिवसभर रोखते. मळमळ आणि बद्धकोष्ठता तेवढी वाढते. चहा, कॉफी, कॅल्शियम आणि आम्लनाशके यांपासून गोळी दोन तास दूर ठेवा. शौचास काळे होणे अपेक्षितच आहे.

महिनाभरात हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवे. न वाढल्यास क्रमाने विचार करा: गोळी खरोखर घेतली जाते का, रक्तस्राव चालू आहे का, सीलिॲक (ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) किंवा एच. पायलोरी (जठरातील जंतुसंसर्ग) आहे का, की निदानच चुकले? हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही तीन महिने गोळ्या चालू ठेवा, नाहीतर साठा रिकामाच राहतो. पुरुषात आणि पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह का कमी झाले हे शोधल्याशिवाय प्रकरण मिटवू नये. जठर आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करावी लागते.

एमसीव्ही १०० च्या वर असल्यास बी-१२, फोलेट, थायरॉइड, यकृत आणि मद्यपान तपासा. मेटफॉर्मिन (मधुमेहाचे औषध) आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ घटते. बी-१२ पाहिल्याशिवाय एकटे फोलिक ॲसिड कधीही देऊ नका: रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने सुरुवातीला दिवसाआड लागतात. तीव्र रक्तक्षयात पहिल्या काही दिवसांत पोटॅशियम खाली येऊ शकते, त्यावर लक्ष ठेवा.

एमसीव्ही सामान्य असले तरी आरडीडब्ल्यू (तांबड्या पेशींच्या आकारातील फरक) वाढलेला असेल, तर लोह आणि बी-१२ दोन्ही एकदम कमी असू शकतात. लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी मधोमध येते. नाहीतर मूत्रपिंड आणि जुनाट दाह तपासा.

कावीळ, गडद लघवी आणि वाढलेला रेटिक काउंट एकत्र दिसले तर पेशी फुटत आहेत का हे पाहण्यासाठी एलडीएच व इनडायरेक्ट बिलिरुबिन, आणि पेशींवर प्रतिपिंडे चिकटली आहेत का हे पाहण्यासाठी कूम्ब्स चाचणी करा. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली: अशा वेळी तपासण्यांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.