व्हेंडरच्या शेडची मागची बाजू: शाश्वत पुरवठा साखळीतल्या या चुका टाळा

खरेदी आणि व्हेंडर क्वालिटी या दोन खात्यांत माझी वीस वर्षं गेली, तीही बहुतेक भोसरी, चाकण, तळेगाव याच पट्ट्यात. 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द आमच्याकडे तसा उशिरा आला. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे जबाबदार आणि शाश्वत व्यवसायाचा अहवाल, सक्तीचा केला, युरोपातले ग्राहक कार्बनचे आकडे मागायला लागले, आणि वरून आलेला कागद टिअर-वनकडून (मोठ्या कंपनीचा थेट पुरवठादार) टिअर-टूकडे (त्या पुरवठादाराचा पुरवठादार), तिथून प्लेटिंगवाल्याकडे आणि हीट ट्रीटमेंटवाल्याकडे उतरत गेला. काम गरजेचंच आहे. पण ते ज्या घाईने उरकलं जातंय ते बघून जीव तुटतो. चुका त्याच त्याच, आणि नवीन मुलांना त्या शिकवणारे आमच्याच वयाचे लोक आहेत.

फाईल बघून व्हेंडर पास करणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

२०१७ सालची गोष्ट. आमच्या शीट मेटलच्या ब्रॅकेटना झिंक प्लेटिंग करून देणारा एक व्हेंडर भोसरीत होता. त्याची फाईल दृष्ट लागावी अशी. पर्यावरण व्यवस्थापनाचं आयएसओ १४००१ प्रमाणपत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, दर सहा महिन्यांनी पाण्याचा लॅब रिपोर्ट. मी तयार केलेल्या प्रश्नावलीत त्याला शंभरपैकी ९४ गुण होते. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा (ईटीपी) आहे का? होय. नियमित चालते का? होय. दोन वर्षं मी हे 'होय' मोजत बसलो. शेडमध्ये जायचो ते प्लेटिंगची जाडी, रिजेक्शन आणि डिलिव्हरी यासाठी. पुढच्या ऑफिसात चहा, बॅरल लाइनवर (फिरत्या पिंपात प्लेटिंग होतं तिथे) एक चक्कर, की परत गाडीत.

जुलैतल्या एका शुक्रवारी दुपारी त्याच्या सुपरवायझरचा फोन आला. मंडळाचा बंदचा आदेश आला होता, वीज आणि पाणी तोडलं होतं. आमचे तीस हजार ब्रॅकेट आत अडकले, काही बॅरलमध्ये, बाकीचे तसेच क्रेटमध्ये.

तासाभरात मी तिथे पोचलो आणि पहिल्यांदाच शेडच्या मागे गेलो. गाळ दाबून वेगळा करणारा फिल्टर प्रेस होता, पण त्याचं कापड पापडासारखं कडक झालेलं. कित्येक महिन्यांत त्याला ओल लागली नव्हती. पाण्यात केमिकल सोडणाऱ्या डोसिंग पंपाच्या नळीपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं. पीएच मीटरचा प्रोब कायम ओला ठेवायचा असतो, तो खिळ्याला टांगलेला. आणि रिन्स टँकच्या (भाग धुवायच्या टाकीच्या) तळाशी जोडलेली एक हिरवी नळी, बागेला पाणी घालायला वापरतात तसली, पत्र्याच्या फटीतून बाहेर पावसाच्या नाल्यात सोडलेली. पाऊस चालू होता, तरी नाल्यातलं पाणी पिवळसर दिसत होतं. आमच्या भागांना पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवरचा गंजरोधक थर, कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमियमचं, पण त्याच शेडमध्ये दुसऱ्या कुणाच्या मालाला विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं पिवळं पॅसिव्हेशन चालायचं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात या क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. इथे रंग नुसत्या डोळ्यांना दिसत होता. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की आपण सगळे हळहळतो. त्यात घरगुती सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, पण या पट्ट्यातल्या कारखान्यांचाही आहे. नदीच्या वाट्याला आपल्याकडून काय जातं, ते त्या दिवशी मी भिजत उभा राहून बघितलं.

परत येऊन फाईल काढली, तर उत्तर फाईलमध्येच होतं. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ४, त्यात ईटीपीचा गाळ वर्षाला १६० किलो दाखवला होता. जवळपास तेवढंच काम करणाऱ्या आमच्या दुसऱ्या प्लेटरकडे तेवढा गाळ पंधरा दिवसांत निघायचा. पाण्यातून धातू काढला की तो गाळ होऊनच बाहेर येतो, दुसरी वाट नाही. गाळ नाही याचा अर्थ प्रक्रियाच नाही. हा आकडा दोन वर्षं माझ्या कपाटात पडून होता आणि मी तो एकदाही वाचला नव्हता.

सोमवारी आमची लाइन थांबली. पर्यायी प्लेटर मिळाला, पण आमच्या ड्रॉइंगवर सॉल्ट स्प्रे चाचणी (मिठाच्या फवाऱ्यात गंज तपासायची) ९६ तासांची होती, आणि तिच्यावर ग्राहकाची मंजुरी. कुणाचीही ओळख काढा, ९६ तासांचे ४८ होत नाहीत. पुढचे नऊ दिवस आम्ही ग्राहकाची लाइन कशीबशी जगवली.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. कोणत्याही प्लेटिंग, फॉस्फेटिंग किंवा पेंट शॉपमध्ये गेलो की चहा नंतर, आधी मागची बाजू. मग मागतो त्या गोष्टी अशा: सोडियम मेटाबायसल्फाइट आणि चुना किंवा कॉस्टिक यांची बारा महिन्यांची बिलं, गाळ रांजणगाव किंवा तळोज्याच्या घातक कचरा सुविधेला पोचल्याचे फॉर्म १० चे मॅनिफेस्ट (कचरा वाहतुकीची नोंद), ईटीपीच्या वेगळ्या सबमीटरचं रीडिंग आणि पाण्याची बिलं. एकेक कागद कुणीही बनवून देईल, पण सगळे एकमेकांशी जुळवणं अवघड असतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम मोडायला मेटाबायसल्फाइट किंवा त्याच कामाचं दुसरं केमिकल लागतंच. ते विकत घेतलेलं नसेल तर लॅब रिपोर्टमधलं पाणी त्या शेडमधलं नाही. गाळाची पोती किती दिवसांची आहेत तेही बघा, मंडळाच्या परवानगीशिवाय ९० दिवसांपेक्षा जास्त साठा ठेवता येत नाही. आणि संमतीपत्रावर महिन्याचं उत्पादन किती लिहिलंय ते वाचा. संमती २० टनांची आणि एकटे आपणच २५ टन पाठवतोय, असं मी आजवर तीन ठिकाणी पकडलंय.

भेट पावसाळ्यात ठेवा. ज्याला पाणी सोडायचं असतं तो पावसाची वाट बघतो.

नवीन मुलं म्हणतात, "सर, एवढ्या व्हेंडरकडे जायला वेळ कुठाय? पोर्टलवर अपलोड करायला सांगू." पोर्टलवर कोळ्याचं जाळं दिसत नाही, बाळांनो.

रेट दाबायचा आणि वर पर्यावरण सांभाळायला सांगायचं

त्या शुक्रवारी मालक अंधाऱ्या ऑफिसात बसला होता. मी आवाज चढवल्यावर तो एवढंच म्हणाला, "साहेब, किलोला साडेबारावरून साडेनऊवर तुम्हीच आणलंत. ईटीपी नीट चालवायची तर किलोमागे पावणेदोन रुपये जातात. ते कुठून आणू?"

नळी त्याने लावली होती आणि गुन्हा त्याचाच होता, यात मला शंका नाही. पण त्या तीन रुपयांच्या बचतीवर माझं त्या वर्षीचं अप्रेझल झालं होतं, हेही खरं.

दरवर्षी तीन-पाच टक्के कॉस्ट-डाउन मागायची आपल्याकडे रीतच पडली आहे. जॉबवर्कवाल्याच्या खर्चात काय काय असतं ते एकदा मांडून बघा. माल बहुतेक वेळा आपलाच. विजेचा दर महावितरणचा, मजुरी बाजाराची, केमिकल आयात मालावर चालणारं. मग तो कापणार काय? सांडपाण्याची प्रक्रिया, मशीनचे गार्ड, कामगारांचा पीएफ. एका पॉवर प्रेसवर मी बघितलंय, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं होती आणि त्यातलं एक सायकलच्या ट्यूबच्या रबराने कायमचं दाबून बांधलेलं. एक हात मोकळा ठेवला की तासाला पीस जास्त निघतात. तो मोकळा हात डायखाली जातो. आपण मागितलेला रेट त्या रबरात असतो.

मी आता रेटची फोड मागतो आणि सांडपाणी प्रक्रियेचा खर्च स्वतंत्र ओळीत लिहायला लावतो. बाकी ओळींवर घासाघीस होईल, या ओळीवर नाही. त्या ओळीचे पैसे तिमाहीच्या मॅनिफेस्टची प्रत आली की सुटतात. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण माझ्याकडे ते चालतंय.

पेमेंटचंही तसंच. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा २००६ चा आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तरी नव्वद-शंभर दिवस सर्रास चालायचे. आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) २०२३-२४ पासून लागू झालं आणि सूक्ष्म व लघु उद्योगाचं थकवलेलं बिल, ते चुकतं होईपर्यंत, खर्च म्हणून वजा होईना, तेव्हा कुठे अकाउंट्सवाले जागे झाले. त्यातही काहींनी व्हेंडरला 'उद्यम नोंदणी (लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द करा', म्हणजे हे कलम लागूच होणार नाही, असं सुचवलेलं मी ऐकलंय. असं करणाऱ्या कंपनीच्या अहवालात पुरवठादारांविषयी काहीही छापलेलं असो, माझा त्यावर विश्वास नाही. पैसे खरंच अडकत असतील तर ट्रेड्स आहे, म्हणजे व्हेंडरला बिलावर आधीच पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी बंधनकारकच झाली आहे. नोंदणी करून थांबू नका, बिलं स्वीकारा. ज्याचे तीन महिन्यांचे पैसे आपल्याकडे आहेत त्याला नवीन फिल्टर प्रेस घ्यायला सांगायचा आपल्याला अधिकार नाही.

कार्बनचा आकडा रुपयांतून काढणं

खरेदीच्या रुपयांना गुणांक लावायचा की स्कोप थ्री, म्हणजे पुरवठा साखळीतलं उत्सर्जन, तयार, ही पद्धत सुरुवातीला अंदाजापुरती ठीक आहे. पण तिच्यावर वर्षावर्षाची तुलना करू नका. मी प्लेटरचा रेट वाढवून प्रक्रिया सुरू करून घेतली तर या तक्त्यात माझं उत्सर्जन वाढलेलं दिसतं, आणि त्याला दाबला तर कमी झालेलं. जो हिशोब वाईट कामाला शाबासकी देतो, तो वापरायचा कशाला?

व्हेंडरकडून महिन्याला तीन आकडे घ्या: विजेचे युनिट, इंधन आणि तयार मालाचे टन. ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलला लिटरमागे २.७ किलोच्या आसपास. एवढ्यावर कागदाच्या एका बाजूला हिशोब होतो. स्टीलसाठी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर (भट्टीतल्या खेपेचा नंबर) मागा, कारण ब्लास्ट फर्नेसचं स्टील आणि भंगारातून इंडक्शन फर्नेसमध्ये केलेलं स्टील यांच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केली, ती टन तयार स्टीलमागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन अशी आहे. तुमचं स्टील या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे रुपयांवरून कधीच कळणार नाही. युरोपला बोल्ट आणि स्क्रू पाठवणाऱ्यांना तर पर्यायच उरलेला नाही. सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरचा युरोपचा आकार, १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झालाय आणि फास्टनर त्यात येतात.

आकडे घेतले की त्या बदल्यात व्हेंडरला काहीतरी द्या. मी आमच्या पट्ट्यातल्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत एखाद्या शेडमध्ये जातो, मशीन बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायला सांगतो आणि मालकाबरोबर लाइनच्या कडेने फिरतो. हवेची गळती कुठे कुठे आहे ते कानाने ऐकू येतं, तिथे तिथे खडूने खूण करायची. पुढच्या बिलात फरक दिसला की तो माणूस तीन काय, सहा आकडे आपणहून पाठवतो.

आणखी काही, थोडक्यात

दोनशे व्हेंडरना एकच ईमेल पाठवू नका. पाणी, आग, केमिकल आणि प्रेस ज्यांच्याकडे आहे असे पंधरा-वीस निवडा. कोरुगेटेड बॉक्सवाल्याला क्रोमियमबद्दल विचारून दोघांचाही वेळ जातो.

आपला माल पुढे कुणाकडे जातो ते जॉबवर्कच्या चलनांवरून शोधा. मुख्य व्हेंडरची शेड चकाचक, आणि अॅसिड पिकलिंग (अॅसिडने गंज काढणं) दोन गल्ल्या पलीकडे बिनसंमतीच्या गाळ्यात, हे नेहमीचं आहे.

कास्टिंग घेत असाल तर साच्यांची वापरलेली वाळू कुठे जाते ते विचारा. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत गेलो की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटला दुसरा सोर्स आधीच मंजूर करून ठेवा आणि त्याला दर महिन्याला थोडं तरी काम द्या. कागदावरचा दुसरा सोर्स ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी परत येणारे बिन घेताना रिकामे बिन एकमेकांत बसतात का ते बघा. टेम्पो हवा भरून परत येत असेल तर पुठ्ठा वाचवून डिझेल जाळलं.

चूक सापडली की लगेच तोडून टाकणं

ईमेलने काम बंद केलं की अहवालात 'एक व्हेंडर वगळला' असं लिहिता येतं. ती नळी मात्र तशीच राहते, फक्त तिच्यातून दुसऱ्याच्या मालाचं पाणी जातं.

भोसरीच्या त्या व्हेंडरला आम्ही सोडलं नाही. बँक गॅरंटी भरून, यंत्रणा दुरुस्त करून त्याला परवानगी मिळेपर्यंत चार महिने गेले. तोपर्यंत त्याचे निम्मे ग्राहक गेले होते. आम्ही ११ रुपये ८० पैशांवर परत सुरुवात केली, त्यात १ रुपया ७५ पैसे प्रक्रियेच्या स्वतंत्र ओळीत. पिवळं पॅसिव्हेशन त्याने बंद केलं. पहिल्या वर्षी मी दर महिन्याला जायचो, आता तिमाहीला.

माझा नियम असा आहे. ज्याने स्वतःहून अडचण सांगितली त्याला नव्वद दिवस, लेखी योजना आणि लागली तर आगाऊ रक्कम. प्रेसच्या सुरक्षेशी छेडछाड दिसली तर ती मशीन त्याच क्षणी बंद, मी तिथे असतानाच. आणि खोटा मॅनिफेस्ट दुसऱ्यांदा सापडला, तर त्याच दिवशी टेम्पो पाठवून आपला माल आणि डाय उचलून आणतो.